टपालाला दारं किती?

टपाल डिजिटल करायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अहो, कागद आला की आम्ही फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. साहेब बघतात. मग वेगळं काय करायचं राहिलं?"

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या मॅडमनी मला हेच विचारलं होतं. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, साठ-पासष्ट माणसं, बऱ्यापैकी धंदा. मी म्हटलं, "मागच्या महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं होतं म्हणता, ते दाखवा." त्यांनी ग्रुप उघडला आणि बोटानं वर-वर सरकवत निघाल्या. सुप्रभातची फुलं, बिघडलेल्या लेथचा व्हिडिओ, कुणाच्या तरी मुलीचा दहावीचा निकाल, पुन्हा फुलं. सहा-सात मिनिटांनी पत्र सापडलं. फोटो आडवा होता आणि वरचा उजवा कोपरा काढणाऱ्याच्या अंगठ्याखाली गेला होता. पत्राची तारीख नेमकी त्याच कोपऱ्यात.

"मग पुढे काय झालं या पत्राचं?"

"साहेबांनी अंगठा दाखवलाय की खाली."

मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ जरा निराळा होतो, आणि इथे तोच खरा ठरला होता. पत्राला उत्तर गेलंच नव्हतं. साहेबांना वाटलं मॅडम बघतील, मॅडमना वाटलं साहेबांनी बघितलं.

१. फोटो वेगळा, आवक वेगळी

आपल्याकडे या कामाला जुना आणि नेमका शब्द आहे: बारनिशी. तहसील कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत अर्ज द्यायला गेलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. फडणीस, चिटणीस यांच्याच घराण्यातला शब्द. शेवटचा 'नीस' म्हणजे फारसीतला लिहिणारा. बारनिशीतला लिपिक अर्ज घेतो, आवक नोंदवहीत एक ओळ लिहितो, अर्जावर शिक्का मारून त्यात क्रमांक आणि तारीख घालतो आणि तुमच्या प्रतीवरही तोच शिक्का उमटवतो. अर्जात काय लिहिलंय याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नसतं. पण त्या शिक्क्यानंतर 'तुमचा अर्ज आलाच नाही' असं कुणाला म्हणता येत नाही.

फोटो हे नुसतं चित्र. आवक ही नोंद असते: कधी आलं, कुणाकडून आलं, कशाबद्दल आहे, कुणाकडे गेलं आणि कधीपर्यंत निकालात निघायला हवं. डिजिटल टपालघर म्हणजे ही बारनिशीच, फक्त वही संगणकात आणि कागदाची प्रत नोंदीला चिकटलेली. स्कॅनर विकायला येणारे हे सांगत नाहीत, कारण वही त्यांच्याकडे विकायला नसते. माझ्या अनुभवात दहापैकी आठ ठिकाणी स्कॅनर आधी येतो आणि वही कधीच येत नाही. सहा महिन्यांनी त्या स्कॅनरवर कुणाच्या तरी डब्याची पिशवी ठेवलेली असते.

२. आधी दारं मोजा

म्हणून त्या कारखान्यात आम्ही पहिला आठवडा काहीच विकत घेतलं नाही. भिंतीवर एक तक्ता लावला. कुठलाही कागद, ईमेल, निरोप आला की तो कुठून आत आला एवढंच ज्यानं घेतला त्यानं लिहायचं.

गेटवर कुरिअर येतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण मालाबरोबरची बिलं गेटवर थांबतच नव्हती. टेम्पोचा ड्रायव्हर ती चलनासकट स्टोअरच्या खिडकीत देऊन मोकळा व्हायचा. जुन्या ग्राहकांची पत्रं मालकांच्या घरी जात, कारण एकोणीस वर्षांपूर्वी धंदा तिथल्याच गॅरेजमध्ये सुरू झाला होता. ईमेलचे चार पत्ते निघाले. त्यांतला एक तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नावाचा, आणि दोन पुरवठादार अजून त्याच पत्त्यावर बिलं पाठवत होते. मग व्हॉट्सॲप, तेही तिघांच्या खासगी नंबरांवर. मग सीएंचं ऑफिस. आणि सरकारी पोर्टलं. मोजली तेव्हा दारं अकरा भरली. मालक म्हणाले, "एवढी दारं तर आमच्या वाड्याला पण नव्हती!"

पोर्टलचं दार लोक विसरतात, आणि ते फार महागात पडू शकतं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे मार्ग दिले आहेत. हातोहात, टपालानं किंवा कुरिअरनं हे तर आहेतच. शिवाय ईमेलनं आणि सामाईक पोर्टलवर ठेवूनही नोटीस बजावता येते. पोर्टल म्हणजे दुसऱ्या गावातली आपल्या नावाची टपालपेटी आहे. पोस्टमन त्यातलं पत्र घरी आणून टाकत नाही. आपणच जाऊन पेटी उघडायची. सूचनेचा संदेश येतो, पण नोंदवलेल्या मोबाइलवर. आणि तो नंबर पुष्कळदा जुन्या अकाउंटंटचा असतो. विवरणपत्रातल्या तफावतीबद्दल एएसएमटी-१० नमुन्यातली नोटीस आली तर खुलाशाला फार तर तीस दिवस मिळतात. त्यांतले वीस पेटी न उघडण्यात गेले, तर उरलेल्या दहांत सीएंना फोन लावत बसायचं.

पुढचं काम दारं बुजवण्याचं. बिलांसाठी कुणाच्याही नावाचा नसलेला एक ईमेल पत्ता काढला आणि प्रत्येक खरेदी ऑर्डरवर ठळक छापला: बिल याच पत्त्यावर, नाहीतर पैसे मिळायला उशीर. त्या शेवटच्या तीन शब्दांनी जे साधलं ते चार स्मरणपत्रांनी साधलं नसतं. गेलेल्या मुलाच्या पत्त्यावरचं टपाल नव्या पत्त्याकडे वळवलं. स्टोअरच्या खिडकीत एक ट्रे ठेवला आणि सकाळी अकरा व दुपारी चार वाजता तो रिकामा करायचं ठरवलं. पोर्टलं बुजवता येत नाहीत, म्हणून दर सोमवारी आणि गुरुवारी मॅडमनी ती उघडायची आणि 'काही नाही' असलं तरी तशी नोंद करायची. अकरा दारांची चार झाली. एव्हाना एक रुपयाचाही खर्च झाला नव्हता.

३. वेलणकरांची युक्ती

टपाल आत आलं, आता ते वाटायचं कसं? याचं उत्तर आपण रोज पत्त्याखाली लिहितो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड आला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते निरनिराळ्या लिप्यांत, अक्षर कुणाचं कसं, यातून वाट काढायला त्यांनी सहा आकडे पुरे केले.

खरी गंमत आकड्यांच्या क्रमात आहे. ४११ ने सुरू होणारं पत्र बघा. दूरच्या राज्यातल्या छाननी करणाऱ्यानं फक्त पहिला ४ बघायचा आणि पत्र महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेश-छत्तीसगडच्या बाजूला टाकायचं. दुसरा आकडा त्यातला उपविभाग, तिसऱ्यापर्यंत छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे नेमकं टपाल कार्यालय सांगतात. गोव्याची पत्रं ४०३ वर वेगळी पडतात. कुणालाच पूर्ण पत्ता वाचावा लागत नाही. ज्या टप्प्यावर जेवढं ठरवायचं तेवढंच बघायचं.

कार्यालयात इथेच चूक होते. पाकीट उघडणारा पत्र वाचायला लागतो, विचार करतो, कुणाला विचारायला जातो, आणि बाकीची चाळीस पाकिटं तशीच पडतात. पहिल्या टेबलावर पत्र वाचायचं नाही, ओळखायचं. आम्ही खण केले ते असे: बिलं, सरकार आणि कोर्ट, बँक आणि चेक, ग्राहक, आणि उरलेलं सगळं. हा 'उरलेलं' खण ठेवायला लाजू नये. तो ठेवला नाही तर लोक प्रत्येक विचित्र कागदासाठी नवा खण काढतात आणि वर्षभरात सत्तर खण होतात.

सहावा प्रकार खणात नाही, कुलपात जातो: न उघडायची पाकिटं. 'वैयक्तिक' किंवा 'गोपनीय' लिहिलेली, कामगाराचे वैद्यकीय अहवाल असलेली, आणि निविदांची सीलबंद पाकिटं. त्यांची फक्त बाहेरून नोंद घ्यायची. निविदेचं पाकीट ठरलेल्या वेळेआधी कुणी भाबडेपणानं उघडून स्कॅन केलं तर पुढे काय रामायण होईल ते सांगायला नको.

४. टेबलावरचं काम

हा भाग पुस्तकांत येत नाही, पण अर्धं यश इथेच आहे. पाकीट आडवं धरून टेबलावर आपटायचं, म्हणजे आतला कागद खाली बसतो आणि कापताना चेकचे दोन तुकडे होत नाहीत. पिना काढायच्या, सगळ्या; एक पिन राहिली तरी स्कॅनरच्या काचेवर ओरखडा उठतो आणि मग पुढच्या हजार कागदांवर एकच उभी काळी रेघ येत राहते. घड्या पाडलेला कागद उलट घडी घालून सपाट करायचा. मागची बाजू बघायची. आपल्याकडे महत्त्वाची गोष्ट मागच्या बाजूला पेननं लिहायची फार हौस. मग आवकेचा शिक्का, स्कॅन करायच्या आधी, कोऱ्या जागी, म्हणजे क्रमांक चित्रातही येतो.

क्रमांक साधा असावा. वर्ष, खणाचं अक्षर, अनुक्रमांक, जसं '२५-ब-०४१७'. खणांची अक्षरं वेगळी निवडायची. बिलांना 'ब' दिला की बँकेला 'ध', धनादेशाचा. काही हौशी मंडळी त्यात विभाग, मजला, पुरवठादार सगळं कोंबतात. फोनवर सांगता येत नाही तो क्रमांक नव्हेच.

आणि पाकीट फेकायचं नाही. निदान सरकार आणि कोर्ट या खणातलं तरी नाही. पत्रावर तारीख १ असते, पाकिटावर टपालाचा शिक्का ९ तारखेचा असतो आणि हातात पडतं ते १२ ला. मुदत कधीपासून मोजायची हा वाद झाला की ते पाकीटच साक्षीदार. म्हणून पत्राबरोबर पाकिटाची पुढची बाजूही स्कॅन करायची. कामगारांना 'रजिस्टरनं आलं' म्हणायची सवय आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्यानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, तेव्हा आता पाकिटावरचा स्पीड पोस्टचा क्रमांक नोंदीत टिपायचा. त्या क्रमांकावरून प्रवासाच्या तारखा काढता येतात.

५. रांगोळीचे ठिपके

स्कॅनरच्या खोक्यावर 'डीपीआय' लिहिलेलं असतं. एका इंचात किती ठिपके, एवढाच त्याचा अर्थ. रांगोळीचा कागद आठवा. पाच ठिपके पाच ओळी घेतले तर फार तर फूल काढता येतं. मोर काढायचा तर ठिपके वाढवावे लागतात. कागदपत्रांसाठी ३०० डीपीआय पुरतात. त्याच्या खाली गेलात तर बारीक छापलेला बँक खाते क्रमांक विरघळतो. दुप्पट केलात तर जागा चौपट लागते आणि डोळ्यांना फरक कळत नाही.

हिशेब करून बघू. ए-फोर कागद साधारण ८.२७ इंच रुंद आणि ११.६९ इंच उंच. ३०० नं गुणलं की आडवे २,४८० आणि उभे ३,५०० च्या आसपास ठिपके, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. प्रत्येक ठिपका नुसता काळा की पांढरा एवढंच लक्षात ठेवायचं असेल तर पानाला साधारण १ एमबी लागतो. रंग लक्षात ठेवायचे तर त्याच्या चोवीसपट. साठवताना दोन्ही दाबून बरेच लहान करता येतात, पण प्रमाण ध्यानात ठेवा. छापील बिलाला काळा-पांढरा चालतो. निळ्या शाईची सही, लाल शिक्का, पेन्सिलीची खूण असलेल्या कागदाला रंगच हवा.

मोबाइलच्या फोटोचा घोटाळाही यातच आहे. मोबाइलचा कॅमेरा वाईट नसतो, पण ग्रुपवर टाकताना ॲप चित्र दाबून लहान करतं. मोर काढलेला असतो, पोचतं ते फूल.

साठवायचा प्रकार पीडीएफ-ए ठेवा. हा पीडीएफचाच दीर्घकाळ जतनासाठी केलेला भाऊ. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक २००५ मध्ये आलं. अक्षरांचे फाँट वगैरे सगळं फाइलच्या पोटातच असतं, त्यामुळे दहा वर्षांनी वेगळ्या संगणकावर उघडली तरी अक्षरांचे चौकोन होत नाहीत. जुन्या मराठी फाँटमधल्या फायली आज उघडून बघितल्या असतील त्यांना जास्त समजवावं लागणार नाही.

६. यंत्र वाचतं म्हणजे काय करतं

स्कॅन झाला तरी संगणकाच्या लेखी ते ८७ लाख ठिपकेच असतात. त्यातून अक्षरं ओळखण्याच्या विद्येला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट नावाचं याचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. १९८५ ते १९९४ या काळात ते ह्युलेट-पॅकार्डमध्ये घडलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि आता मराठीही वाचतं. पण देवनागरी वाचताना त्याची दमछाक होते. इंग्रजी छापलेली अक्षरं सुटी सुटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेच्या दोरीला कपडे वाळत घातल्यासारखी लटकलेली. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं? त्यात जोडाक्षरं, वरची वेलांटी, खालचा उकार. 'ख' चा 'रव' होतो, 'घ' चा 'ध', 'भ' चा 'म'. हाताचं अक्षर असेल तर यंत्रावर विसंबूच नका. तलाठ्याचं अक्षर वाचायला अजून तरी माणूसच लागतो.

मग उपयोग काय? बिलात उपयोग आहे, कारण बिल स्वतःची चूक स्वतः दाखवतं. यंत्रानं वाचलं: मूळ रक्कम १,००,०००, केंद्राचा कर ९,०००, राज्याचा कर ९,०००, एकूण १,१३,०००. बेरीज जमत नाही. कुठेतरी ८ चा ३ वाचला गेलाय. बेरीज जमली तर पुढे, नाही जमली तर माणसाच्या टेबलावर, एवढा एक नियम घातला तरी निम्म्या चुका दारातच अडतात.

जीएसटी क्रमांक तर याहून गुणी. त्याची पंधरा स्थानं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढची दहा स्थानं पॅन क्रमांकाची: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. म्हणजे नवव्या स्थानावर यंत्रानं इंग्रजी 'ओ' वाचला तर तो शून्यच असणार आणि चौथ्यावर शून्य वाचलं तर तो 'ओ'. आणि पंधरावं स्थान आधीच्या चौदांच्या गणितातून निघतं. मधलं एक स्थान चुकलं तर शेवटचं जुळत नाही.

त्याहून सोपा रस्ता म्हणजे वाचूच नका. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या बहुतेक व्यवसायांना दुसऱ्या व्यवसायाला ई-बिलच द्यावं लागतं आणि त्यावर क्यूआर कोड असतो. दोघांचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, सगळं त्या चौकोनात सहीशिक्क्यासकट असतं. तो वाचायला ओसीआर-पॅकेज दर महिन्याला विकत घ्यायची गरज नाही. मोठ्या पुरवठादारांची बिलं क्यूआरवरून, छोट्यांची ओसीआर आणि बेरजेवरून, हातानं लिहिलेली मॅडमच्या डोळ्यांवरून, अशी विभागणी आम्ही केली आणि ती टिकली.

यात एक अनपेक्षित फायदा निघाला. पुरवठादारांनी तुमच्या नावावर चढवलेल्या बिलांची यादी दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-टू-बी म्हणून तयार होते. लोक ती भरलेल्या कराच्या वजावटीसाठी (इनपुट टॅक्स क्रेडिट) बघतात. तिच्याकडे टपालाच्या नजरेनं बघा: तुमच्याकडे काय काय यायला हवं होतं त्याची ती यादी आहे. आवकेत नाही पण टू-बीमध्ये आहे असं प्रत्येक बिल कुठल्यातरी बुजवायच्या राहिलेल्या दारात अडकलंय. पहिल्याच महिन्यात अशी सात सापडली. चार मालकांच्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये होती.

७. पंचेचाळीस दिवसांचं घड्याळ

आता एका बिलाबरोबर चालत जाऊ. एका छोट्या वर्कशॉपनं ३ जूनला माल पोचवला. बिल ड्रायव्हरनं स्टोअरमध्ये दिलं. खरेदीच्या लेखी करारात पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे.

पूर्वी काय व्हायचं? स्टोअरकीपर माल मोजून बिल खिळ्याला टोचून ठेवायचा. गठ्ठा जाडसर झाला की, म्हणजे १४ तारखेला, वर पाठवायचा. दर्जा तपासणीवाल्यांची सही २२ ला. मॅडमकडे २५ ला. मालक बाहेरगावी. असं करत चेक निघायचा जुलैच्या शेवटी.

एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे करारातल्या तारखेला, पण काही झालं तरी माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, तेही दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणे मुदत टळलेली अशी रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्चात धरता येते. ३१ मार्चला थकलेली असली तर त्या वर्षीच्या नफ्यातून ती वजा होत नाही.

लक्षात घ्या, घड्याळ सुरू होतं ते माल आल्यावर. बिल खिळ्यावर लटकलेलं असताना ते थांबत नाही. ३ जूननंतर पंचेचाळीसावा दिवस १८ जुलैचा.

आता काय होतं? ३ जूनला चारच्या फेरीत ट्रे रिकामा होतो. शिक्का पडतो, स्कॅन होतो, बेरीज जमते. नोंदीत माल आल्याची तारीख टाकली की '१८ जुलै' आपोआप उमटतं. प्रत तपासणीवाल्यांकडे आणि मॅडमकडे एकाच वेळी जाते. कागद एकाच्याच हातात असू शकतो, चित्राला ती अडचण नाही. १० जुलैला मालकांच्या फोनवर एक ओळ येते: आठ दिवस राहिले. खिळा अजून भिंतीत आहे. त्यावर आता स्टोअरकीपर टोपी अडकवतो.

नोंदीत 'कुणाकडे' या रकान्यात एकच नाव असलं पाहिजे, ही अट मात्र मी हट्टानं घातली. 'अकाउंट्स' असं नाही, माणसाचं नाव. ती व्यक्ती रजेवर गेली तर दुसरं नाव टाकूनच जायचं.

८. मूळ कागदाचं काय?

हा प्रश्न नेहमी थोडं दबक्या आवाजात येतो. स्कॅन केल्यावर कागद रद्दीत दिला तर चालेल का?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नं इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली आणि कलम ७ मध्ये ती जपण्याच्या अटी सांगितल्या. नोंद पुढे केव्हाही उघडता आली पाहिजे, मूळ मजकूर तंतोतंत दिसला पाहिजे, आणि ती कुठून आली, कुठे आली, कोणत्या तारखेला किती वाजता पाठवली वा मिळाली, हे कळलं पाहिजे. ही शेवटची अट पुन्हा वाचा. कायदाही आवक क्रमांकच मागतोय.

कोर्टात दाखवायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. सोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचं 'हॅश मूल्य' लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. प्रचलित पद्धतीत तो चौसष्ट अक्षर-आकड्यांचा असतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, सगळा ठसा बदलतो. स्कॅन केल्याच्या दिवशीच ठसा नोंदीत टिपून ठेवला तर नंतर फाइलला कुणी हात लावला नाही हे दाखवणं सोपं जातं.

तरीही सगळं रद्दीत घालू नका. वचनचिठ्ठ्या, मृत्युपत्रं, नोंदणी केलेले दस्त, मुद्रांकावरचे करार, भागपत्रं, बँक हमी, कोर्टाचे आदेश, हे मूळ रूपातच जपायचे. ज्यावर वाद चालू आहे त्याचा चिटोराही नाही. साध्या बिलांचा कागद आम्ही लेखापरीक्षण होईपर्यंत महिन्यावार खोक्यात ठेवतो, मग सीएंना विचारून काढतो, प्रत राहतेच. ती किती काळ? जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ या वर्षाची ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ धरली तर ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आणि पावत्या आठ आर्थिक वर्षं. दोन्हींत जी तारीख लांबची ती घ्यायची.

९. 'आमचं बँक खाते बदललंय'

हे वाक्य असलेलं पत्र किंवा ईमेल आला की तो बिलांच्या खणात जाता कामा नये. ठकांचा हा आवडता मार्ग आहे. पत्रशीर्ष हुबेहूब, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे, मजकूर नम्र, खाते क्रमांक ठकाचा. टपालघर जितकं वेगवान तितके पैसे वेगानं जातात. नियम एकच: आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून, ओळखीच्या माणसाशी बोलूनच बदल करायचा. पत्रात दिलेल्या नंबरवर नाही.

१०. दुसरी प्रत कुठे ठेवता?

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या फायली गेल्या. कागद एकच होता आणि एकाच इमारतीत होता. संगणकातली फाइलही एकाच डिस्कवर असेल तर तिची गत वेगळी होत नाही. जाणकार तीन-दोन-एक म्हणतात: तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दूर. 'दूर' म्हणजे शेजारच्या गाळ्यात नव्हे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूर दोन्ही शहरांत एकाच आठवड्यात पाणी होतं. एकीची प्रत दुसरीत ठेवणाऱ्याला काय मिळालं असतं? आणि वर्षातून दोनदा त्या दूरच्या प्रतीतून एखादं बिल खरोखर काढून बघा. लोणच्याची बरणी न उघडताच चांगली आहे म्हणणाऱ्यांना नंतर बुरशी सापडते.

११. माळ्यावरचे गठ्ठे

सगळं बसल्यावर मालकांनी जिन्यावरच्या माळ्याकडे बोट दाखवलं. एकोणीस वर्षांच्या फायली. "आता हेही स्कॅन करून टाकू, सुट्टीत दोन पोरं लावतो."

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. तिथल्या अफाट कागदांतून निवड करून गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ४५ खंड छापवले. सगळे रुमाल छापायला निघाले नव्हते ते, आधी निवडलं. कारखान्याला तर इतिहासही लिहायचा नव्हता.

आम्ही माळ्यावर चढलो तेव्हा मे महिना होता आणि वर पत्र्याची धग. गेटवरचे काका खालून कंदिलासारखा टॉर्च धरून उभे. मी तीन ढीग सांगितले: मुदत संपलेलं, मुदत न संपलेलं, आणि कायम जपायचं. पहिला ढीग सीएंच्या यादीशी ताडून कापणीच्या यंत्रात गेला. तो सर्वांत मोठा निघाला. दुसरा तसाच खोक्यात, वर वर्ष लिहून. त्यातला एखादा कागद कुणी मागितला तरच स्कॅन करायचा, क्रमांक देऊन. तिसऱ्यात जेमतेम दीड फाइल भरली: जमिनीचा भाडेपट्टा, पहिल्या कर्जाची कागदपत्रं, वीज जोडणीचा करार.

त्या तिसऱ्या ढिगातच एक आवक नोंदवही निघाली. पहिल्या वर्षाची, मालकांच्या वडिलांच्या अक्षरातली. अनुक्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय, कुणाकडे दिलं, निकाल. सहा रकाने, शेवटचा बहुतेक ओळींत भरलेला. एकशे बारा नोंदींनंतर वही कोरी होती. मालकांनी ती उलटसुलट करून बघितली, खाली काकांकडे दिली आणि म्हणाले, "ही गेटवर ठेवा. लाइट गेली की यात लिहायचं, एकशे तेरापासून."